मास्कपासून छपाईची तार : हिशेब कुठून सुरू करायचा?

वापरून फेकलेला मास्क वितळवून थ्रीडी प्रिंटरला, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून थरावर थर रचत वस्तू 'छापणाऱ्या' यंत्राला, लागणारी प्लॅस्टिकची तार करता येते. यात भूलथाप काही नाही. साधा तीनपदरी मास्क दिसायला कापडाचा, पण असतो प्लॅस्टिकचा. त्याचे तिन्ही पदर पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि हे प्लॅस्टिक १६० ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. ते यंत्रातून दाबून बाहेर ओढलं की पावणेदोन मिलिमीटर जाडीची तार मिळते, ती रिळावर गुंडाळली की छपाईचा माल तयार. कोविडच्या काळात जगभर मास्कच्या पुनर्वापराचे प्रयोग झाले. फ्रान्समध्ये एका कंपनीने मास्कपासून फेस शिल्डचे भाग बनवले, मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात तुकडे केलेले मास्क रस्त्याच्या भरावात मिसळून पाहिले. छपाईची तार हा त्याच शोधातला एक धागा. पुण्यात ही कल्पना भावावी यात नवल नाही. इथे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, भोसरी-चाकणचे कारखाने आहेत, पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आणि कचरावेचकांची देशभर नावाजलेली संघटना आहे.

तरीही माझं मत असं की घराघरांतून वापरलेले मास्क गोळा करून त्यांची तार करण्याच्या वाटेला पुण्याने जाऊ नये. मास्कचा पुनर्वापर जरूर व्हावा, पण तो ठरावीक जागी निघणाऱ्या, एकजिनसी, स्वच्छ मालाचा व्हावा, आणि त्यातूनही तार करण्यापेक्षा साच्यातल्या जाडजूड वस्तू कराव्यात. या मताची कारणं प्रयोगशाळेत फारशी नाहीत. ती कचरा वेगळा करण्याच्या शेडमध्ये, कायद्यात आणि विजेच्या बिलात आहेत.

आधी वजनाचं बोलू. एक साधा मास्क भरतो साधारण तीन ग्रॅम. नाकावरची पट्टी आणि कानाचे इलॅस्टिक काढले की अडीच ग्रॅमच्या आसपास पॉलिप्रॉपिलीन उरतं. बाजारात छपाईच्या तारेचं नेहमीचं रीळ एक किलोचं असतं. म्हणजे एका रिळाला चारशे मास्क. हे चारशे मास्क कुणीतरी उचलायचे, वेगळे काढायचे, प्रत्येकाचे दोन इलॅस्टिक कापायचे, नाकावरची पट्टी ओढून काढायची. इलॅस्टिक काढणं टाळता येत नाही, कारण ते पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं असतं आणि त्यात ताणणारा धागा असतो. पॉलिप्रॉपिलीन वितळतं त्या तापमानाला पॉलिएस्टर वितळत नाही. त्याच्या गुठळ्या राहतात. थ्रीडी प्रिंटरच्या नोझलचं, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक सोडणाऱ्या तोटीचं, छिद्र बहुतेक वेळा ०.४ मिलिमीटरचं असतं. एक गुठळी अडकली की काम थांबलं. नाकावरच्या धातूच्या पट्टीने कटरची पाती बोथट होतात, ते वेगळंच.

हे काम पुण्यात कोण करणार? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये तिच्यातून आलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला, आणि आज तीन हजारांहून अधिक कचरावेचक, त्यात बहुसंख्य बायका, शहरातल्या घरांचा कचरा दारातून उचलतात. घराकडून मिळणारं मासिक शुल्क आणि भंगार विकून येणारे पैसे यांवर त्यांचं घर चालतं. भंगाराच्या दुकानात मास्कला भाव नाही. समजा उद्या एखाद्या उद्योगाने किलोला तीस रुपये देऊ केले. तीस रुपयांसाठी, म्हणजे अख्ख्या मास्कच्या एका किलोसाठी, या ताईंना तीनशेहून जास्त मास्क, चहाच्या चोथ्यात भिजलेले, डायपरला चिकटलेले, कुणाच्या तरी शेंबडा-थुंकीने माखलेले, हाताने वेगळे काढावे लागतील. तेवढ्या वेळात पुठ्ठा आणि बाटल्या काढून त्या कितीतरी जास्त कमावतात. मग हे काम भावामुळे होणार नाही, सक्तीने किंवा उपकाराच्या भाषेत होईल, आणि त्याला मी रोजगारनिर्मिती म्हणणार नाही.

मास्क वितळवताना विषाणू मरतात, हे या कल्पनेच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. ते बरोबरच आहे. दोनशे अंशांच्या पुढे काही जिवंत राहत नाही. पण त्या तापमानाला पोहोचेपर्यंतचा प्रवास माणसांच्या हातून होतो. २०२० मध्ये प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या पदरावर कोविडचा विषाणू सातव्या दिवशीही सापडला होता. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या वर्षी सांगितलं होतं की सर्वसाधारण घरांतले मास्क ७२ तास कागदी पिशवीत ठेवावेत, मग कापून सुक्या कचऱ्यात द्यावेत. किती घरांनी ते पाळलं, हे सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या कोणत्याही ताईला विचारा. साथ ओसरली, २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातली मास्कसक्ती उठली. पण आज मास्क लावतो तो बहुधा खोकणारा, क्षयाची औषधं घेणारा किंवा अशा रुग्णाची सेवा करणारा माणूस. म्हणजे संख्या घटली तरी घरातून येणाऱ्या दर मास्कमागची जोखीम कमी झाली असं मला वाटत नाही.

या संदर्भात पुण्याचाच एक जुना प्रयोग आठवावा. २०१२ च्या सुमारास इथे 'प्रोटोप्रिंट' नावाचा सामाजिक उपक्रम सुरू झाला. कचरावेचकांनी गोळा केलेल्या प्लॅस्टिकपासून छपाईची तार करायची आणि तारेच्या चढ्या किमतीतला मोठा वाटा त्यांच्याकडे जाऊ द्यायचा, अशी ती कल्पना होती, आणि 'स्वच्छ'ची साथ तिला होती. मला ती कल्पना आजही मोलाची वाटते. मात्र त्यांनी निवडलेला कच्चा माल पाहा: एचडीपीई, म्हणजे शाम्पूच्या, फिनाईलच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक. बाटली नजरेला ओळखू येते, हाताला वजनदार लागते, धुता येते, आणि बूच-लेबल काढलं की आख्खी एकाच प्लॅस्टिकची असते. शेडमधल्या बाईला ती आधीपासून माहीत असते आणि तिला भावही असतो. मास्कच्या बाबतीत यातलं एकही विधान करता येत नाही. कचरावेचकांच्या नावाने मास्क-तारेची योजना मांडणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

बरं, घरं सोडून दवाखान्यांकडे जावं तर तिथे कायदा आडवा येतो, आणि तो उगाच येत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लाल पिशवीतलं प्लॅस्टिक, म्हणजे सलाईनच्या नळ्या, बाटल्या, हातमोजे, निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला देता येतं. पिवळ्या पिशवीतला कचरा भट्टीत जातो. कोविडच्या मार्गदर्शक सूचनांनी गॉगल, फेस शिल्ड, न भिजणारे एप्रन लाल पिशवीत टाकायला सांगितले आणि वापरलेले मास्क पिवळ्या पिशवीत. म्हणजे सर्वांत जास्त मास्क जिथे एकगठ्ठा मिळतात त्या रुग्णालयांतला माल आजच्या नियमांनी जाळण्यासाठीच जातो. त्यातून तार काढायची तर आधी नियम बदलून घ्यावा लागेल.

नियम बदलावा का? माझ्या मते काही अंशी बदलावा, आणि त्याला आधार पुण्यातच आहे. २०२१ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने रिलायन्स आणि पुणे परिसरातल्या काही कंपन्यांसोबत पीपीई किटच्या कचऱ्यावर पथदर्शी काम केलं. कचरा निर्जंतुक केला, तो वितळवून त्याचा दाणा (साच्यात ओतायचा कच्चा माल) केला, आणि त्या दाण्यापासून वाहन उद्योगाला लागणारे भाग साच्यात घडवून दाखवले. या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा क्रम. निर्जंतुकीकरण आधी, तेही परवानाधारक जैववैद्यकीय यंत्रणेकडे. माणसाचा हात नंतर. ऑटोक्लेव्हमधले, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातले, १२१ अंश पॉलिप्रॉपिलीन सहज सोसतं, वितळत नाही. त्यामुळे आधी निर्जंतुक करून मग वर्गवारी करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. आणि शेवटी त्यांनी साच्यातली वस्तू निवडली, तार नाही. भोसरी-चाकणला पॉलिप्रॉपिलीनचा दाणा रोजच लागतो. बॅटरीची खोकी, मडगार्डचे अस्तर, क्रेट, बादल्या, सगळीकडे तो खपतो.

तार का नको, याची तांत्रिक बाजू थोडी खोलात सांगतो, कारण बातम्यांत ती कधी येत नाही. मास्कचे बाहेरचे दोन पदर स्पनबाँड पद्धतीचे (जाडसर धागे एकमेकांना चिकटवून केलेले), मधला गाळणीचा पदर मेल्टब्लोन (गरम हवेने ओढलेल्या अतिबारीक धाग्यांचा). मेल्टब्लोनचे धागे इतके बारीक काढायचे असतात की त्यासाठी वापरलेलं पॉलिप्रॉपिलीन वितळल्यावर पाण्यासारखं पातळ वाहतं. कारखान्यात हे पातळपण मेल्ट फ्लो इंडेक्सने मोजतात: स्पनबाँडचा आकडा तीसच्या आसपास, मेल्टब्लोनचा हजाराच्या पुढे. एकसारख्या जाडीची तार ओढायला मात्र दाट, चिवट रस लागतो. त्यात पॉलिप्रॉपिलीन पुन्हा तापवलं की त्याच्या साखळ्या तुटतात आणि ते आणखी पातळ होतं. मग उपाय एकच, त्यात दाट जातीचं दुसरं पॉलिप्रॉपिलीन मिसळा. ते बहुतेक वेळा नवं कोरं असतं. रिळावर 'मास्कपासून बनवलेलं' असं लिहिलेलं असेल तर आत मास्क किती टक्के आणि नवं प्लॅस्टिक किती, हे विचारलंच पाहिजे. एवढं करून हाती आलेली तार छापायला कटकटीची. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना बरंच आकसतं, छापलेल्या वस्तूचे कोपरे उचलले जातात, ती प्रिंटरच्या पाटाला धरून बसत नाही. म्हणून हौशी आणि विद्यार्थी मंडळी पीएलए किंवा पीईटीजी ही छापायला सोपी प्लॅस्टिकं वापरतात. मास्कची तार त्यांच्या हातातल्या कोणत्या रिळाची जागा घेणार? पर्यावरणाचा फायदा असतो तो या अदलाबदलीत. जागा घेतलीच नाही, जास्तीची किचेन आणि मोबाइल स्टँड तेवढे छापले गेले, तर फायदा शून्य आणि वीज वर.

त्या विजेचा अंदाज करून पाहू. एक किलो पॉलिप्रॉपिलीन जाळलं तर सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातल्या कार्बनच्या प्रमाणावरून हे कागदावर काढता येतं. एक किलो नवं बनवताना ढोबळमानाने दीड ते दोन किलो. म्हणजे जाळणं टाळलं आणि खरोखर नव्याची जागा घेतली तर किलोमागे पाचेक किलोची बचत दिसते, आणि बातम्यांत हीच बाजू येते. आता दुसरी बाजू. टेबलावरचा प्रिंटर सरासरी शंभर वॅट खातो आणि तासाला दहा-वीस ग्रॅम छापतो असं धरलं, तर एक किलो छापायला पन्नास ते शंभर तास, म्हणजे पाच ते दहा युनिट. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. म्हणजे साडेतीन ते सात किलो. ती वस्तू एरवीही छापलीच जाणार होती, तर ही वीज मास्कच्या खात्यावर टाकू नये, हे मला मान्य आहे. पण मास्क आहेत म्हणून छापायला काहीतरी शोधलं, तर बहुतेक, प्रसंगी सगळी बचत प्रिंटरच गिळतो. साच्यात तीच एक किलोची वस्तू एक-दोन युनिटांत पडते.

आणखी एक अप्रिय वाटणारी गोष्ट नोंदवतो. सिमेंट भट्टीत कोळशाऐवजी मास्क जाळणं हे दिसतं तितकं वाईट नाही. तेवढ्याच उष्णतेमागे पॉलिप्रॉपिलीन कोळशापेक्षा कमी कार्बन सोडतं, त्यात क्लोरीन नसतं, आणि भट्टीचं तापमान प्रचंड असतं. पुण्याच्या सुक्या कचऱ्यातला पुनर्वापर न होणारा भाग इंधन म्हणून सिमेंट कारखान्यांकडे जातोच. मला जाळण्याचा पुळका नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराच्या कचरा डेपोच्या धुराखाली आणि दुर्गंधीत वर्षानुवर्षं काढली आहेत, आणि उघड्यावर धुमसणारा ढिगारा आणि नियंत्रित भट्टी यांतला फरक त्यांना समजावायची गरज नाही. मुद्दा असा की तारेची तुलना उघड्यावर फेकलेल्या मास्कशी केली की ती जिंकणारच. तिची तुलना साच्यातल्या वस्तूशी आणि सिमेंट भट्टीशीही करायला हवी. त्यात ती मागे पडते असं मला दिसतं.

पाण्याचा विषय छोटा वाटतो, पण मला तो जास्त सतावतो. मास्क म्हणजे मुळात बारीक तंतूंचं जाळं. ते कापताना आणि धुताना तंतू सुटतात. एखाद्या वस्तीतल्या छोट्या शेडमध्ये हे काम सुरू झालं आणि सांडपाणी गाळलं गेलं नाही, तर ते तंतू नाल्यातून मुठा नदीत जाणार. रस्त्यावर पडलेला मास्क उन्हाने ठिसूळ होऊन हेच करतो, फक्त सावकाश. कटर ते काम मिनिटांत करतो. छपाईच्या वेळी बंद खोलीत अतिसूक्ष्म कण आणि वाफा सुटतात, त्याचाही विचार शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांनी करायला हवा.

मग कोणत्या मास्कचा पुनर्वापर करावा? पुण्याभोवती औषधांचे आणि लशींचे कारखाने आहेत, खाद्यपदार्थांचे कारखाने आहेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या धूळमुक्त खोल्या आहेत. तिथे निरोगी माणसं पाळीभर मास्क, टोपी, गाऊन वापरतात आणि दाराशी ठेवलेल्या एकाच पिंपात टाकतात. माल एकाच पुरवठादाराचा, त्यामुळे त्यात कोणतं प्लॅस्टिक आहे ते माहीत. कचऱ्यात मिसळलेला नसतो, ओला नसतो. मास्क बनवणाऱ्या कारखान्यांतली कात्रणं तर कोरीच असतात. मंडईत मिळणाऱ्या 'कापडी' पिशव्याही याच स्पनबाँड कापडाच्या. केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून साठ जीएसएमपेक्षा (चौरस मीटरला साठ ग्रॅमपेक्षा) पातळ अशा पिशव्यांवर बंदी घातली, आणि जप्त झालेला तो मालही या दाण्यात जाऊ शकतो. इथे कुणाच्याही हाताला धोका न देता टनावारी माल मिळेल. प्रयोग करायचा तर इथून सुरू करावा. तार करायचीच असेल, तर याच स्वच्छ मालाची, आणि ज्याला पॉलिप्रॉपिलीनचाच भाग हवा आहे अशा कारखान्यासाठी करावी. नमुन्याचे भाग, आम्लाला टिकणारी छोटी भांडी, वाकून न तुटणाऱ्या बिजागऱ्या यांत पॉलिप्रॉपिलीनला तोड नाही. तिथे छापणाऱ्याला त्याचा आकसणारा स्वभावही माहीत असतो.

घरातल्या मास्कसाठी पुण्याने शोधलेला मार्ग आहेच. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, ही 'स्वच्छ'ची मोहीम. मास्क त्यातच जावा. आणि वापरच कमी व्हावा यासाठी शहराकडे फार जुनी सवय आहे: दुचाकीवरच्या मुली वर्षानुवर्षं ओढणी नाहीतर सुती स्कार्फ तोंडाला बांधतात, घरी आल्या की धुतात. रस्त्यावरच्या मोठ्या धुळीला ते पुरतं. बारीक प्रदूषणाला किंवा आजारपणात ते पुरत नाही, तिथे चांगला मास्कच हवा, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण सिग्नलवरच्या धुळीसाठी रोज एक प्लॅस्टिकचा मास्क फेकण्याची गरज नाही.

राहिला बनवणाऱ्यांचा प्रश्न, आणि यावर मला राग आहे. २०१३ मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून ते उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. तीन वर्षांनी आलेल्या घनकचरा नियमांत पॅडसोबत गुंडाळायला पिशवी द्यावी अशी जबाबदारी कंपन्यांवर आली. मास्क बनवणाऱ्यांवर तेवढीही नाही. प्लॅस्टिकच्या उत्पादकांवरची विस्तारित जबाबदारी, म्हणजे विकलेल्या मालाच्या कचऱ्याचीही जबाबदारी, वेष्टनांसाठी आहे. मास्क वेष्टन नाही, म्हणून तो सुटतो. कानाचा पट्टाही पॉलिप्रॉपिलीनचाच करा, नाकावरची पट्टी हाताने ओढता येईल अशी बसवा, खोक्यावर प्लॅस्टिकचा प्रकार छापा, एवढं जरी कंपन्यांकडून करून घेतलं, तरी शेडमधलं कात्रीचं काम वाचेल. हा बदल कारखान्यात एकदा करायचा आहे. आज त्याची भरपाई चारशे वेळा कात्री चालवून कुणीतरी करतं.

उद्या पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे कुणी मास्क-तारेचा प्रस्ताव घेऊन आलं आणि जागा, वीज, सवलत मागू लागलं, तर प्रशासनाने अर्जासोबत काही गोष्टी लेखी घ्याव्यात. मास्क कुठून येणार आणि निर्जंतुक होण्याआधी त्याला कुणाचा हात लागणार. तारेत नवं प्लॅस्टिक किती टक्के. किलोमागे वीज आणि पाणी किती, आणि ते पाणी कुठे सोडणार. तयार झालेली तार कोण विकत घेणार आणि आज तो त्याऐवजी काय वापरतो. वर्गवारी करणाऱ्याला किलोमागे नव्हे, तासामागे किती मिळणार. हे आकडे दर तीन महिन्यांनी प्रभाग कार्यालयात लावले जावेत. जो ते द्यायला तयार नसेल त्याला शेडची जागा देऊ नये.